मोठं चाक, दहा टक्के आणि कुंभार्ली घाट

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाल्यावर आपल्या घरात एक गंमत होते. पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट यायच्या आधीच नातेवाईक आपल्याला इंजिनिअर समजायला लागतात. कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाची मोटर पाणी ओढत नाही, कुणाचा टीव्ही मुंग्या दाखवतो, सगळं आपल्याकडे येतं. आपणही "बघू" म्हणत स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो. बहुतेक वेळा नुकसान होत नाही. माझ्या बाबतीत एकदा होता होता राहिलं. हा लेख त्याबद्दल आहे.

माझे मामा कराडकडचे. त्यांचा धंदा विहिरीच्या खोदाईचा. कातळ लागला की ब्रेकर चालवायला कॉम्प्रेसर लागतो. तो दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेला असतो आणि मामांची पिकअप तो टोचन करून गावोगाव नेते. मी सेकंड इयरला असताना दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तर मामांनी अंगणात चार नवेकोरे जाडजूड टायर दाखवले. डोंगरात जीप पळवणाऱ्या त्यांच्या एका मित्राने गाडी विकताना स्वस्तात दिलेले. गुडघ्याच्या वर उंची, बाजूला मोठमोठे ठोकळे.

मामा म्हणाले, "काय भाचेबुवा, बसवू का? गाडी उठून दिसंल. आणि चाक मोठं म्हटल्यावर ओढायलाबी हलकं जाईल, नाय का?"

मी दोन सेकंद विचार केल्यासारखा चेहरा केला आणि म्हणालो, "हो मामा. बैलगाडीचं चाक बघा की केवढं असतं! मोठं चाक म्हणजे ओढायला सोपंच."

झालं. भाच्याने शिक्कामोर्तब केलं.

जानेवारीत मामांना चिपळूणकडचं काम मिळालं. कॉम्प्रेसर मागे लावून कुंभार्ली घाट उतरताना निम्म्या वाटेवर ब्रेकचं पेडल खाली खाली जायला लागलं. केबिनमध्ये लायनर जळल्याचा वास भरला. मामा जुने ड्रायव्हर. त्यांनी कसाबसा दुसरा गिअर पाडला, हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि गटारात चाक घालून उभी केली. क्लिनरने उडी मारून चाकाखाली दगड लावले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण केबिनमध्ये मधल्या सीटवर माझा मामेभाऊ होता, सातवीतला. शाळेला सुट्टी म्हणून समुद्र बघायला निघालेला.

मामांनी फोनवर हे सांगितलं ते हसत हसत. माझ्यावर त्यांनी काहीच ढकललं नाही. पण मला त्या रात्री मेसची भाकरी गिळेना. मी जे उत्तर दिलं ते कुठून दिलं? पुस्तकातून नाही, आकडेमोडीतून नाही, बैलगाडीवरून! मग वही घेऊन बसलो. रूममेट सिव्हिलचा, त्यालाही बसवलं. त्या वहीतलं आता स्वच्छ करून इथे देतो आहे.

बैलगाडीचं चाक आणि मोटारीचं चाक

आधी माझी चूक नेमकी कुठे होती ते बघू. बैलगाडीचं मोठं चाक खरोखरच ओढायला सोपं असतं. बैल जूला ओढतो, ओढ आसाला लागते, चाक नुसतं फिरतं. चाक मोठं असलं की ते खड्ड्यात कमी बुडतं, दगडावर सहज चढतं आणि आसाच्या घर्षणाला चाकाच्या त्रिज्येची लांब दांडी मिळते. म्हणून आपल्या पूर्वजांनी मोठं चाक केलं आणि बरोबर केलं.

पण पिकअपचं मागचं चाक कुणी ओढत नाही, तेच गाडी ढकलतं. इंजिनाचा टॉर्क गिअरबॉक्स, डिफरेन्शियल असा वाढत वाढत चाकाच्या मध्यावर येतो आणि चाक तो टायरच्या कडेवरून जमिनीला देतं. टॉर्क भागिले त्रिज्या म्हणजे ओढ. टॉर्क तोच राहिला आणि त्रिज्या वाढली तर ओढ कमी होणार. अकरावीच्या फिजिक्सचं सूत्र! सायकलवर बसून मागचं चाक मोठं बसवलं तर पायडल जड जाईल हे आपल्याला कळतं, पण गाडी म्हटली की आपण दिसण्याला भुलतो.

थोडक्यात, टायर हा गाडीचा शेवटचा गिअर आहे. टायर बदलला म्हणजे सगळे गिअर एकदम बदलले.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

मामांच्या गाडीला आधीचा टायर होता २१५/७५ आर १५. याचा अर्थ असा: टायरची रुंदी २१५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात, म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण व्यास काढायचा तर रिम अधिक वरची भिंत अधिक खालची भिंत. उत्तर ७०३ मिलिमीटरच्या आसपास.

नवे टायर ३१ × १०.५ आर १५ या मापाचे. इथे पद्धत वेगळी, एकूण व्यास सरळ इंचात दिलेला असतो. ३१ इंच म्हणजे ७८७ मिलिमीटर. रुंदी साडेदहा इंच.

फरक किती? ७८७ भागिले ७०३, म्हणजे जवळजवळ १२ टक्के मोठं चाक. आणि उलट भागाकार केला तर ०.८९. म्हणजे त्याच टॉर्कला जमिनीवरची ओढ सुमारे ११ टक्के कमी.

तुम्ही म्हणाल, दहा-अकरा टक्के म्हणजे काय मोठं? परीक्षेत तेवढे ग्रेस मार्क मिळतात! मलाही तसंच वाटलं. म्हणून पुढचं गणित केलं.

गणित पहिलं: चढ

समजा भरलेली पिकअप २५०० किलो आणि ट्रेलरसकट कॉम्प्रेसर १५०० किलो. एकूण ४ टन. रूममेटने सांगितलं, इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे डोंगराळ भागातल्या रस्त्याला साधारण २० ला १ चढ ठेवायचा असतो आणि अगदीच अपवाद म्हणून १४ ला १ च्या आसपास जाता येतं. आपण १५ ला १ धरू.

गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारी ओढ: ४००० × ९.८१ ÷ १५, म्हणजे २६१६ न्यूटन. टायरचं रोलिंग रेझिस्टन्स वजनाच्या दीड टक्का धरलं तर आणखी ५८९. एकूण ३२०५ न्यूटन. वेग कमी आहे म्हणून हवेचा विरोध सोडून दिला.

आता समजा तिसरा गिअर १.४, डिफरेन्शियल ४.३ आणि एकूण कार्यक्षमता ८५ टक्के. इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क २३० न्यूटन-मीटर. तर इंजिनाकडून किती टॉर्क लागेल?

जुना टायर, त्रिज्या ०.३५२ मीटर: २२० न्यूटन-मीटर. जमलं, कसंबसं.
३१ इंची टायर, त्रिज्या ०.३९४ मीटर: २४७ न्यूटन-मीटर. इंजिनाकडे तेवढा नाहीच!

म्हणजे जो चढ गाडी तिसऱ्यात रडतखडत का होईना चढत होती, तो आता दुसऱ्यातच. दुसरा गिअर २.३ धरला तर १५० न्यूटन-मीटर लागतो, आरामात. गाडी चढेल, पण हळू. आणि चढावर थांबून पुन्हा उचलायची वेळ आली की पहिला गिअरही ११ टक्क्यांनी उंच झालेला असतो. क्लच जास्त वेळ घासून द्यावा लागतो. क्लच प्लेट जळते ती अशी. मामांनी फोनवर "पाटणच्या पुढं क्लचचा वास येत हुता" असं सांगितलं होतं. तेव्हा मी ते कानाआड केलं होतं.

बघा, ११ टक्के तसे थोडेच. पण गाडी मुळातच काठावर चालत होती. तिच्याकडे उरलेले होते फक्त १० न्यूटन-मीटर.

गणित दुसरं: उतार

चढावर चूक झाली तर गाडी थांबते. उतारावर चूक झाली तर गाडी थांबत नाही. म्हणून हे गणित महत्त्वाचं.

समजा त्याच १५ ला १ उतारावर ३०० मीटर उंची खाली यायचं आहे, म्हणजे साडेचार किलोमीटर रस्ता. चार टनांची स्थितिज ऊर्जा: ४००० × ९.८१ × ३०० म्हणजे सुमारे ११.८ मेगाज्यूल. किती होते ही? एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ०.३१ मेगाज्यूल लागते. म्हणजे आपल्या मेसचं ३७-३८ लिटरचं चहाचं पातेलं उकळेल एवढी उष्णता त्या साडेचार किलोमीटरमध्ये कुठेतरी जायला हवी.

रोलिंग रेझिस्टन्स त्यातले २.७ खातं. उरले ९.१. ते इंजिन आणि ब्रेक यांनी वाटून घ्यायचे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन समजा ५० न्यूटन-मीटरने मागे ओढतं. मग वाटणी अशी होते:

जुना टायर, तिसरा गिअर: इंजिन ३.८, ब्रेक ५.३ मेगाज्यूल.
३१ इंची टायर, तिसरा गिअर: इंजिन ३.४, ब्रेक ५.७ मेगाज्यूल.
३१ इंची टायर, दुसरा गिअर: इंजिन ५.६, ब्रेक ३.५ मेगाज्यूल.

गाडीच्या चारही चाकांच्या ड्रम-डिस्कचं लोखंड मिळून ४० किलो धरलं आणि हवेने काहीच थंड झालं नाही असं मानलं, तर तापमान अनुक्रमे २८५, ३१० आणि १९० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा लागतो, इतकं वाढणार नाही. पण दिशा कळते. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश आणि ओलावा शोषून जुनं झालं की किमान १४० अंश असायला लागतो. ऑइल ड्रमइतकं तापत नाही, पण सिलिंडरपाशी उकळी फुटली की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं ते इथे!

अजून दोन गोष्टी आहेत आणि त्या जास्त फसव्या आहेत.

एक, ब्रेकचा टॉर्कही त्रिज्येनेच भागायचा असतो. पायाचा जोर तोच दिला तर जमिनीवरचा रोध ११ टक्के कमी. ड्रायव्हर नकळत जास्त दाबतो.

दोन, स्पीडोमीटर. तो चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. मोठ्या चाकाचा एक फेरा म्हणजे जास्त रस्ता. काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ४५ ने चाललेली असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, म्हणजे ती २५ टक्के जास्त! आणि ड्रायव्हरला शंका येत नाही, कारण इंजिनाचा आवाज नेहमीचाच. जुन्या टायरवर तिसऱ्या गिअरला खरे ४० असताना इंजिन सुमारे १८१५ फेरे घेत होतं. नव्या टायरवर खऱ्या ४० ला ते फक्त १६२० घेतं. मामा वीस वर्षं आवाजावर गाडी चालवतात. कानाला १८०० ची सवय, म्हणून त्यांनी नेहमीच्या आवाजावर गाडी ठेवली. काटाही तेच सांगत होता आणि कानही तेच सांगत होते. दोघेही खोटं बोलत होते, आणि दोघांनाही खोटं बोलायला मी शिकवलं होतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोठं चाक जड असतं म्हणून गाडी मंदावते, असं पुष्कळ लोक म्हणतात. आम्ही नंतर भंगारवाल्याच्या काट्यावर वजन केलं, एकेक चाक आठ किलोने जास्त भरलं. टायरचं वजन कडेला असतं, म्हणून वेग बदलताना ते जवळजवळ दुप्पट मोजायचं. चार चाकांचे ३२ किलो म्हणजे साठेक किलो धरा. चार टनांपुढे हे किरकोळच. खरा गुन्हेगार वजन नाही, त्रिज्या.

गणित तिसरं: मागच्या चाकावरचा भार

हे एस.ओ.एम.मधलं साध्या बीमचं गणित आहे, पण टोचन करणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं. ट्रेलर सरळ चालावा, शेपूट हलवू नये, म्हणून त्याच्या वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यायला हवा. १५०० किलोचा दहावा भाग १५०. पण हूक मागच्या ॲक्सलच्या मागे असतो! समजा व्हीलबेस २.८ मीटर आणि हूक मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे. पुढच्या ॲक्सलभोवती मोमेंट घ्या: १५० × ४.० ÷ २.८, म्हणजे २१४ किलो मागच्या ॲक्सलवर वाढले. पुढच्या ॲक्सलवरचे ६४ किलो उचलले गेले. स्टिअरिंग हलकं लागतं ते म्हणूनच.

आता मागच्या ॲक्सलवर आधीच १५०० किलो असतील तर झाले १७१४. एका टायरवर ८५७ किलो.

टायरच्या मापाच्या शेवटी एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ १०० एस. तो आकडा म्हणजे लोड इंडेक्स. तो किलो नाही, त्याचं कोष्टक असतं. १०० म्हणजे ८०० किलो, १०३ म्हणजे ८७५, १०६ म्हणजे ९५०, १०९ म्हणजे १०३० किलो. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा: क्यू १६०, आर १७०, एस १८० किलोमीटर. म्हणजे १०० क्रमांकाचा टायर गाडी एकटी असताना पुरतो, ट्रेलर लावल्यावर पुरत नाही! दिसायला टायर तोच, गाडी तीच. फरक फक्त त्या छोट्याशा आकड्याचा.

आणि हा भार टायर तेव्हाच पेलतो जेव्हा हवा पूर्ण असते. हवा कमी, वजन जास्त आणि वर वेग, ही तिन्ही एकत्र आली की भिंत वाकून वाकून तापते आणि फुटते. हवा नेहमी टायर गार असताना तपासावी. रस्त्यात गरम टायरची हवा जास्त दिसते म्हणून सोडून देणारे शहाणे पुष्कळ भेटतात, त्यांचं ऐकू नये.

रिम, उंची आणि बाकीच्या भानगडी

मोठा टायर बसवताना पुढच्या गोष्टी बघायच्या राहतात. आमच्याही राहिल्या होत्या.

रिमची रुंदी: साडेदहा इंची टायरला ७ ते ९ इंच रुंद रिम लागते. २१५ च्या टायरला साडेपाच ते सात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो फुग्यासारखा फुगतो, मधूनच झिजतो आणि वळणावर भिंत लोळते. मागे ट्रेलर असताना असा लोळणारा टायर म्हणजे शेपटीला झोका देणारा टायर.

रिमचा ऑफसेट: चाक बाहेर आलेलं रुबाबदार दिसतं. पण भाराची रेषा बेअरिंगपासून लांब जाते. बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे लवकर जातात.

फक्त रिम मोठी करणं: काही जण एकूण व्यास तोच ठेवून रिम मोठी आणि भिंत बुटकी करतात. गिअरला धक्का लागत नाही हे खरं, वळणावर गाडीही घट्ट वाटते. पण आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यात बुटकी भिंत चिमटते आणि रिम वाकते. कामाच्या गाडीला ते परवडत नाही.

हुकाची उंची: व्यास ८४ मिलिमीटरने वाढला म्हणजे गाडी ४२ मिलिमीटरने उचलली गेली. ट्रेलरचं नाक वर झालं की वजन मागे सरकतं, हुकावरचा भार कमी होतो आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. हूक तेवढाच खाली घ्यायला हवा.

घासणं: स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि पाटे पूर्ण दबलेले असताना बघायचं. रिकाम्या गाडीवर सगळंच बसतं.

स्टेपनी: चार नाही, पाच टायर. फोर बाय फोर गाडीत पुढे-मागे वेगळ्या व्यासाचे टायर लावून पळवलं तर ट्रान्सफर केस रडते.

कायदा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. कंपनीने त्या मॉडेलला चालणारी जी मापं दिली आहेत त्यांच्या बाहेर जाण्याआधी आर.टी.ओ. आणि विमा दोन्हीकडे विचारावं. ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते.

मग मोठा टायर घ्यायचाच नाही का?

असं नाही. अमेरिकेत पिकअपला ट्रेलर लावणं रोजचं आहे. तिथे फोर्ड एफ-१५० सारख्या गाडीची टोचन क्षमता छापताना इंजिनाबरोबर ॲक्सल रेशोसुद्धा दिलेला असतो, कारण त्यावर क्षमता बदलते. मोठे टायर टाकणारे जाणकार लोक क्राउन-पिनियनही बदलून घेतात, ३.७३ चा ४.१० वगैरे. आमच्या उदाहरणात ४.३ चा सुमारे ४.८ करावा लागला असता. म्हणजे टायर स्वस्तात आणि डिफरेन्शियल महागात.

मधला रस्ताही आहे. २३५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७३३ मिलिमीटर, वाढ फक्त चार टक्के. काटा ६० दाखवताना गाडी साडेबासष्टने जाते. चढाच्या गणितात २३० न्यूटन-मीटर येतात, म्हणजे तिसरा गिअर बरोबर काठावर. हलका ट्रेलर असेल, रस्ता सपाटीचा असेल आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये ते माप चालत असेल तर हरकत नाही.

निवडण्याचा क्रम असा ठेवावा:

१. गाडी भरून, ट्रेलर लावून, मागचा ॲक्सल वजनकाट्यावर घ्यावा. अंदाज नको.
२. त्याच्या निम्म्यापेक्षा निदान दहा टक्के जास्त पेलेल असा लोड इंडेक्स शोधावा.
३. व्यास शक्यतो कंपनीचाच ठेवावा. वाढवायचाच असेल तर चढाचं गणित आधी करावं.
४. रिमची रुंदी, ऑफसेट, हुकाची उंची, घासणं तपासावं.
५. स्पीडोमीटरची चूक काढून ती चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर चिकटवावी.
६. टायर कसा दिसतो हे शेवटी बघावं.

पुढे काय झालं

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वही घेऊन मामांकडे गेलो. आधी चूक कबूल केली. मग अंगणातल्या बाजेवर बसून सगळी गणितं वाचून दाखवली. मोमेंट वगैरे मामांना कळलं नसेल, पण "काटा खोटं दाखवत हुता" हे ऐकल्यावर ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "तरीच. मला वाटलं माझाच अंदाज चुकला. म्हातारा झालो म्हटलं."

चार महिने हा माणूस स्वतःला दोष देत होता, मित्रहो. मला ती वेळ अजून आठवते.

मोठे टायर त्यांनी विकले. त्याच जुन्या मापाचे पण १०६ क्रमांकाचे टायर घेतले. उरलेल्या पैशांत थोडे घालून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बसवून घेतले, ओव्हररन पद्धतीचे. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर हुकावर रेटतो आणि त्याच रेट्याने त्याचे ब्रेक लागतात. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. आमचा १५०० किलोचा इतकी वर्षं बिनब्रेकचा फिरत होता! खरं तर घाटातल्या त्या दिवसाचं मूळ कारण हेच. मोठ्या टायरने फक्त उरलेसुरले दहा टक्के खाल्ले. पण वाचवणारे तेवढेच होते.

मामांचा घाट उतरायचा नियम आता असा आहे: माथ्यावर थांबायचं, ड्रमजवळ हात नेऊन धग बघायची, हुकाची पिन बघायची आणि उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा गिअर टाकायचा. मामेभाऊ आता मोठा झाला आहे. पिन बघायचं काम तो करतो.

आणि मी? मला अजूनही नातेवाईक काहीबाही विचारतात. हल्ली मी एकच उत्तर देतो: "बघून सांगतो." आणि खरंच बघतो. ओरलला बसल्यावर "माहीत नाही सर" म्हणायला आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण काहीतरी ठोकून देतो. तिथे फार तर दोन मार्क जातात. बाहेर मात्र आपण ठोकून दिलेल्या उत्तरावर कुणीतरी घाट उतरत असतं.

— टी. ई. मेकॅनिकल